जगाला कळलं पाहिजे!

परभणीत कुणालाही विचारा, "बी. रघुनाथ कुठंय?" तो तुम्हाला सभागृहाचा रस्ता दाखवेल. रिक्षावाला तर "बी. रघुनाथ" म्हटलं की डायरेक्ट भाडंच सांगतो. बी. रघुनाथ नावाचा माणूस होता आणि तो लिहायचा, हे माहीत असलेले लोकही गावात आहेत, नाही असं नाही. पण एकूण हिशेब केला तर आमच्याकडे बी. रघुनाथ म्हणजे जिथे व्याख्यानं, सत्कार आणि गॅदरिंग होतात ती जागा.

तर हे बी. रघुनाथ. पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १९१३ चा, सातोन्याचा. (परभणीहून मनमाडकडे निघालात की सेलूनंतर सातोना लागतं. पॅसेंजरमध्ये असाल तर दिसेल, एक्सप्रेसमध्ये असाल तर नाही.) निजामाचं राज्य, सरकारी कामकाज उर्दूत, आणि हा माणूस बांधकाम खात्यात कारकुनी करून मराठीत कविता, कथा आणि अर्धा डझनाच्या वर कादंबऱ्या लिहून गेला. ७ सप्टेंबर १९५३ ला परभणीत, कचेरीत काम करता करताच हृदयविकाराने गेले. वय चाळीस. आता दर ७ सप्टेंबरला त्यांच्या नावाने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पुरस्कार देतात. हयातीत मात्र पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी त्यांची पुरेशी दखल घेतली नाही असं सगळेच म्हणतात. सगळेच म्हणजे, ज्यांनी घेतली नाही त्यांचे वारसदारसुद्धा!

त्यांच्या एका कादंबरीचं नाव आहे 'जगाला कळले पाहिजे'. १९४९ ची. आत काय आहे ते राहू द्या. मी त्या नावावरच अडकलोय. कारण लिहिणाऱ्या कुठल्याही माणसाला मध्यरात्री उठवून "बाबा, तुझं नेमकं म्हणणं काय?" विचारलं, तर तो हेच तीन शब्द सांगेल.

हे सगळं आत्ता डोक्यात यायला कारण झालाय माझा एक मित्र. जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. कविता लिहितो. चांगल्या लिहितो, हे मी मैत्रीखातर सांगत नाहीये, मला कवितेतलं फार कळत नाही पण त्याच्या विहिरीवरच्या एका कवितेने मला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रडवलंय. दोन वर्षांपूर्वी पतसंस्थेचं कर्ज काढून त्याने संग्रह छापला. पाचशे प्रती, अडतीस हजार रुपये. त्यातल्या शंभरेक 'सप्रेम भेट' लिहून वाटल्या. उरलेल्या दिवाणात आहेत, आणि पाहुणा मुक्कामाला आला की आम्ही त्याला कवितांवरच झोपवतो.

ती विहिरीची कविता त्याने फेसबुकवर टाकली तेव्हा तिला मिळाले चौदा लाइक. त्यातला एक माझा, एक त्याच्या बायकोचा. मग या उन्हाळ्यात एका कविसंमेलनात प्रत्येकी दोन कविता ठरलेल्या असताना एका ज्येष्ठ कवींनी सात वाचल्या, आणि आमच्या मित्राचा नंबर आला तेव्हा सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली होती. रात्री घरी येऊन त्याने यावर दहा ओळींची चिडकी पोस्ट लिहिली. सकाळपर्यंत तीनशे चाळीस प्रतिक्रिया! चंद्रपूरपासून बेळगावपर्यंतचे लोक. कुणी म्हणतंय शाब्बास, कुणी म्हणतंय आधी ज्येष्ठांचा मान ठेवायला शिका, कुणी तिसऱ्याच कवीचं जुनं लफडं उकरतंय. एकजण तर जातीवर आला. (येणारच होता. आपल्याकडे कुठलंही भांडण साधारण चाळिसाव्या प्रतिक्रियेला तिथे पोचतं.)

मित्राने मला फोन केला. "तू इंजिनिअर आहेस ना, हे असं कसं चालतं सांग."

मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. फेसबुकवर कुणाला काय दाखवायचं हे गुण देऊन ठरतं. २०१७ साली त्यांनी असं ठरवलं होतं की साध्या लाइकला एक गुण धरला, तर प्रेम, हसू, आश्चर्य, राग हे जे चेहरे आहेत त्यांना प्रत्येकी पाच. म्हणजे एका माणसाला तुम्ही संतापवलंत की पाच माणसांना आवडल्याचं पुण्य पदरात! मागाहून त्यांच्याच लोकांच्या लक्षात आलं की राग ज्याच्यावर जमतो त्यात भंकस माल जास्त असतो. मग रागाचं वजन हळूहळू कमी करत २०२० मध्ये शून्यावर आणलं. कंपनीची आतली कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली तेव्हा हे जगाला कळलं. आज नेमकी काय वजनं आहेत हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही, पण लोक थांबून बोलतात, उलटसुलट उत्तरं देतात ते वर चढतं हे तत्त्व काही बदललेलं नाही. विहिरीची कविता वाचून माणूस गप्प होतो. गप्प होण्याला गुण नाहीत. ते मोजायचं बटणच नाहीये!

मला वाटलं मी फार मार्मिक बोललो. मित्र म्हणाला, "म्हणजे भांडायला पाहिजे."

मी काही फेसबुकला शिव्या घालायला बसलेलो नाही. कारण ही यंत्रं यायच्या कितीतरी आधी आपण मराठी लोकांनी हाच प्रयोग हाताने करून ठेवलाय. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन! मुळात हे सुरू झालं १८७८ ला पुण्यात, न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांची सभा म्हणून. १८८५ ला दुसऱ्या सभेचं बोलावणं महात्मा फुल्यांना गेलं, तर त्यांनी रानड्यांना पत्र लिहून चक्क नकार कळवला. जे लोक शूद्रातिशूद्रांचे हक्क मनापासून मानत नाहीत त्यांच्या सभेत आमचा मेळ बसायचा नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे दुसऱ्याच सभेत वाद हजर. आणि गंमत बघा, त्या सभेत कोण काय बोललं हे आज कुणाला धड सांगता येत नाही, फुल्यांचं न येण्याचं पत्र मात्र अजून वाचलं जातं.

तेव्हापासून दरवर्षी एक वाद, गणपतीसारखा ठरलेला. २०१८ पर्यंत अध्यक्षपदाची निवडणूक व्हायची. सुमारे हजार मतदार. अख्ख्या मराठी भाषेतून हजार! आमच्या कंपनीच्या एका इमारतीत याहून जास्त माणसं लिफ्टसाठी उभी असतात. आणि या हजारांना चांगले-चांगले लेखक पत्रं लिहायचे, फोन करायचे, गावोगाव भेटायला जायचे.

यातली एक निवडणूक मला फार छळते. १९९२ चं कोल्हापूरचं संमेलन. उभे होते रमेश मंत्री आणि इंदिरा संत. निवडून आले मंत्री. त्यावर जो गहजब झाला तो इतक्या वर्षांनी अजून ताजा आहे. संमेलनाच्या निवडणुकीला नावं ठेवायची झाली की पहिलं उदाहरण हेच निघतं. इंदिराबाई हरल्या म्हणून त्यांच्या कवितेचं काही बिघडलं नाही, ती लोक वाचतच राहिले. पण मंत्र्यांचं काय झालं? या माणसाने विनोदी लेखन, प्रवासवर्णनं धरून भरपूर पुस्तकं लिहिली होती, लायब्ररीतून ती लोक आवडीने घरी न्यायचे. आज त्यांचं नाव काढलं की पुस्तक आठवत नाही, "इंदिरा संतांना हरवलं ते" एवढंच आठवतं. निवडणूक जिंकली आणि ती पुस्तकांच्या बोकांडी बसली. मी त्यांना दोष देत नाहीये. उभं राहणं हा काही गुन्हा नव्हता. पण तीस-पस्तीस वर्षांनी हिशेब असा लागला.

दुसरे आनंद यादव. 'झोंबी'वाले, साहित्य अकादमीवाले. २००९ च्या महाबळेश्वर संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि मग त्यांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवरून वारकरी मंडळी खवळली. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, तरी भागलं नाही, शेवटी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. संमेलन निर्वाचित अध्यक्षाविनाच पार पडलं. हे लक्ष त्यांनी मागितलेलं नव्हतं. माझ्या ओळखीच्या ज्या लोकांना हा वाद तपशीलवार पाठ आहे त्यांच्यातल्या एकानेही ती कादंबरी वाचलेली नाही. मी विचारलंय. एकजण म्हणाला, वाचायची गरज काय, सगळं पेपरात आलं होतं.

निवडणुकीची पद्धत बंद करून सन्मानाने अध्यक्ष ठरवायचा असा निर्णय झाला आणि त्याप्रमाणे २०१९ ला यवतमाळसाठी अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाली. चला, सुटलो असं वाटेपर्यंत उद्घाटक नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रणच परत घेतलं गेलं. सहगल बाईंचं भाषण लिहून तयार होतं. ते मांडवात झालं असतं तर मांडवातल्यांनी ऐकलं असतं, पैकी निम्मे जेवणाच्या रांगेत असते. न झाल्यामुळे ते फोनाफोनावर पोचलं.

आता कुणी म्हणेल, मग भांडणाने लोक वाचतात की! वाचतात, पण कुठलं भांडण? १९७५ ला कऱ्हाडला दुर्गाबाई भागवत अध्यक्षा होत्या. आणीबाणी चालू, समोर यशवंतराव चव्हाण बसलेले, आणि बाई लेखनस्वातंत्र्यावर उभ्या राहून बोलल्या. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. तिथे बोलण्याची किंमत बोलणाऱ्याच्या खिशातून जाणार होती. आमच्या मित्राच्या पोस्टने फार तर पुढच्या वर्षीची शाल आणि श्रीफळ जाईल. नेमाड्यांचंही नाव लगेच पुढे करतात, की बघा, ते सगळ्यांशी भांडतात आणि तरी ज्ञानपीठ मिळालं. अरे पण 'कोसला' १९६३ ची आहे! आधी पुस्तक, मग भांडणं. हा क्रम उलटा करून काय होतं ते बघायचं असेल तर फेसबुक उघडा.

आणि दुसऱ्या टोकाला जी. ए. कुलकर्णी. धारवाडला राहायचे, इंग्रजी शिकवायचे, सभा-समारंभ नाही, वाचकांना भेटणं नाही, डोळ्यावर काळा चष्मा. 'काजळमाया'ला १९७३ चं साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं आणि पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून कुरबुर सुरू झाली, की ते मुदतीत बसतं की नाही. (म्हणजे साहित्याचा वाद नाहीच, डेडलाइनचा. आम्हा आयटीवाल्यांना एकदम आपला वाटेल असा.) जीएंनी पारितोषिक परत करून टाकलं. विषय संपला. आता यावरून लोक म्हणतात की बघा, जीएंना लक्ष नकोच होतं. मला हे पटत नाही. या माणसाच्या पत्रांचे चार खंड निघालेत! सुनीताबाई देशपांड्यांना त्यांनी किती आणि कसं लिहिलंय ते बघा. ज्याला खरंच कुणी नको असतं तो इतकी पत्रं लिहितो होय? त्यांना लक्ष हवं होतं, फक्त ते एका वेळी एका माणसाचं, आणि त्याने नीट वाचलेलं असावं ही अट.

पण जीएंसारखं राहायला जीएंसारखं लिहावं लागतं, आणि शिवाय मुंबईहून कुणीतरी तुमचं पुस्तक काढायला तयार असावं लागतं. इथे येऊन माझं सगळं तत्त्वज्ञान जिंतूर तालुक्यात आपटतं.

कारण झालं काय, की मागच्या महिन्यात मित्राचा परत फोन आला. आता त्याच्या मनात वेगळंच. एका बऱ्यापैकी नाव असलेल्या कवीच्या नव्या कवितेत आपल्या कवितेतली प्रतिमा चोरली आहे, अशी पोस्ट लिहून तयार होती. "तुमच्या त्या एआयला दोन्ही दे आणि किती टक्के सारखं आहे ते काढून दे." मी दोन्ही वाचल्या. दोन्हीकडे ढेकूळ आहे, दोन्हीकडे आई आहे, आणि दोन्हीकडे ढेकूळ पाण्यात विरघळतं. अरे, मराठवाड्यातल्या कवितेत ढेकूळ आणि आई एकत्र येणारच! काळ्या मातीचं ढेकूळ दुसरं करणार काय?

मी म्हणालो, टक्के काढून देत नाही. एका माणसाला चोर म्हणायचं आणि आधार काय, तर ढेकूळ. चार दिवस लोक तुझी बाजू घेतील, पाचव्या दिवशी दुसरं काही येईल, आणि तो माणूस मात्र जिथे जाईल तिथे हे ऐकेल. तुझी विहिरीची कविता तरीही कुणी उघडणार नाही. सतरंजीवाल्या पोस्टनंतर तीनशे चाळीस जणांपैकी पुस्तक किती जणांनी मागितलं?

"दोघांनी. फुकट."

"मग?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तू म्हणतोस ते बरोबर आहे. पण मग मी काय करू? कचेरीत मरू आणि सभागृह होऊ?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. पुण्यात बसून 'चांगलं लिही, लोक वाचतील' म्हणणं सोपं आहे. पुण्यात लिहिणाऱ्याला संपादक चहाला भेटतो, आमच्याकडे संपादकाचं फक्त पोस्टातून परत आलेलं पाकीट भेटतं. दखल न घेतलेला माणूस शेवटी दारावर लाथ मारतो, त्याला तुम्ही प्रसिद्धीलोलुप म्हणून मोकळे होता, हे मला बरोबर वाटत नाही. लाथ मारू नये असं मला वाटतं, पण म्हणून लाथ का मारली हे कळत नाही असं नाही. ती ढेकळाची पोस्ट त्याने अजून टाकलेली नाही. ड्राफ्टमध्ये आहे म्हणतो.

परभणीलाही एकदा संमेलन झालं होतं, १९९५ ला, ६८ वं. अध्यक्ष नारायण सुर्वे. माझा तेव्हा जन्म व्हायचा होता, पण आमच्या घरात त्याच्या गोष्टी चालतात. ज्याला तान्हेपणी एका गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून घरी नेलं, वाढवलं आणि स्वतःचं आडनाव दिलं, तो माणूस अध्यक्ष म्हणून आमच्या गावात बसला. घरातले लोक सुर्व्यांबद्दल सांगताना कुठल्या वादाबद्दल सांगत नाहीत, ते कविता कसे म्हणायचे तेच सांगतात. आता संमेलनात 'कविकट्टा' असतो. नाव नोंदवायचं, नंबर आला की कविता म्हणायची. सकाळपासून रात्रीपर्यंत शेकडो कवी. समोर बसलेले श्रोते बहुतेक करून पुढचा नंबर असलेले कवीच. लोक याची टिंगल करतात, मीही केली असती, पण मला ती रांग आवडते. तिथे कुणी कुणाला चोर म्हणत नाही. माईक मिळेपर्यंत तरी.

आणि याच्या अगदी उलट प्रकारही आपल्याकडे रोज चालतो. पु. ल. देशपांडे गेले २००० साली, व्हॉट्सअ‍ॅप आलं २००९ ला, तरी पु. ल. रोज सकाळी साडेसहाला आमच्या फॅमिली ग्रुपवर नवीन लिहितात! वपु पण लिहितात. पूर्वी मला वाटायचं हा नुसता अडाणीपणा आहे. आता वाटतं की त्यातल्या काहीजणांनी तरी ते स्वतः लिहिलेलं असणार, आणि आपलं नाव काढून पुलंचं टाकलेलं असणार. जाणूनबुजून. कारण चांगला मजकूर आहे, पण 'अमुक तमुक, सेलू' असं खाली असलं तर पुढे ढकलणार कोण?

हे मला आमच्या आजीवरून कळलं. माझं आजोळ गंगाखेडचं, म्हणजे थेट जनाबाईचं गाव. आजीला जात्यावरच्या ओव्या चिक्कार यायच्या, जातं अडगळीत गेल्यावरही ती भाजी निवडताना म्हणायची. अशा ओव्या गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, लाखाच्या वर, आणि बर्नार्ड बेल या आमच्या जातीच्या, म्हणजे संगणकवाल्या, माणसाने त्यांचा डेटाबेस उभा केला. २०१७ पासून 'परी'च्या साइटवर त्या येतायत, गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासकट. आजीचं नाव त्यात नाही, ती २०१४ लाच गेली.

तिच्या एका ओवीत माहेराला जाणारी एसटी होती, लाल, धूळ उडवत येणारी. बारावीच्या सुट्टीत मी शहाणपणा करून तिला विचारलं, "आजी, ही कुणाची ओवी?" म्हणाली, जनीची. म्हटलं, "जनाबाईच्या वेळी एसटी होती का? ही तूच केलीस ना? मग तुझं नाव का नाही घातलंस त्यात?"

मेथीच्या काड्या बाजूला टाकत म्हणाली, "माह्या नावानं कोन म्हनंल रं? जनीची म्हनलं की पार परळीपस्तोर जाती."